ओन डॅमेज नसताना विकलेले ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’

ज्यांच्या गाडीवर कर्ज आहे आणि विम्याचे सगळे काम शोरूममधल्या माणसावर सोपवलेले आहे, त्यांनी आपली पॉलिसी हातात घेऊन मगच पुढे वाचावे.

माझ्या धाकट्या भावाने 2022 च्या दसऱ्याला कर्ज काढून नवी गाडी घेतली. विम्याचे काम पाहणाऱ्या माणसाने त्याला सांगितले, “दादा, तीन वर्षांचा फुल इन्शुरन्स आहे, आरटीआयसकट, म्हणजे रिटर्न टू इन्व्हॉइससकट. गाडी गेलीच तर बिलाचे पैसे परत मिळतील.” यातले तीन वर्षे खरे होते ते फक्त थर्ड पार्टीपुरते, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या भागापुरते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर 2018 पासून नव्या कारसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा ओन डॅमेज हा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये भावाच्या विम्याचा महत्त्वाचा भाग संपणार होता, आणि त्याच सुमारास त्याच माणसाचा फोन आला. थर्ड पार्टी 2025 पर्यंत चालू आहे, आता फक्त आरटीआय रिन्यू करायचे, असे सांगून त्याने स्वतःच्या खात्यावर यूपीआयने पैसे घेतले आणि व्हॉट्सॲपवर एक रंगीत प्रमाणपत्र पाठवले.

ओन डॅमेजशिवाय नुसते आरटीआय अशी वस्तू अस्तित्वातच नसते, हे येथे स्पष्ट करायला हवे. रिटर्न टू इन्व्हॉइस, ज्याला परदेशात गॅप इन्शुरन्स म्हणतात, हे आपल्याकडे ओन डॅमेज विम्याला जोडलेले ॲड-ऑन आहे. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांपुढे जाऊन टोटल लॉस ठरली, की मूळ पॉलिसी आयडीव्हीएवढी रक्कम देते आणि आयडीव्ही व बिलाची रक्कम यांतला फरक हे ॲड-ऑन देते. हा फरक किरकोळ नसतो. आयडीव्ही एक्स-शोरूम किमतीवरून काढतात, त्यात रोड टॅक्स आणि नोंदणी धरत नाहीत, आणि एक ते दोन वर्षे जुन्या गाडीसाठी त्यातून 20 टक्के घसारा वजा होतो. दहा लाखांची गाडी कागदावर आठ लाखांची होते. रस्त्यावर आणताना मात्र त्याच गाडीला साडेअकरा लाखांच्या आसपास मोजलेले असतात. केवळ थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीसाठी आयडीव्हीच मिळत नाही, मग फरक कशातून काढणार? शिवाय ओन डॅमेज असूनही ॲड-ऑन घेतलेले नसेल, तर हा साडेतीन लाखांचा खड्डा मालकालाच भरावा लागतो.

25 जुलै 2024 रोजी पहाटे खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले, तेव्हा भावाची गाडी तिथल्या पार्किंगमध्ये होती. पाणी ओसरले तेव्हा सीटवर गाळाचा थर बसला होता आणि डॅशबोर्डच्या फटींतून पाणी ठिबकत होते. कंपनीने सर्व्हेअर पाठवलाच नाही, कारण त्यांच्या नोंदीत फक्त थर्ड पार्टी चालू होती आणि ते प्रमाणपत्र त्यांनी दिलेलेच नव्हते. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. ज्याने हे केले त्याला एका कुटुंबावर काय कोसळणार आहे, याची पूर्ण कल्पना होती, आणि म्हणूनच मला याचा विलक्षण संताप येतो.

ते प्रमाणपत्र आम्ही नंतर अस्सल पॉलिसीशेजारी ठेवून पाहिले. अस्सल पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी यांचे कालावधी वेगवेगळ्या ओळींत छापलेले होते, आयडीव्ही दिलेली होती, प्रीमियम आणि जीएसटी वेगळे दाखवलेले होते, आणि ॲड-ऑनच्या नावापुढे त्याचा यूआयएन, म्हणजे विमा नियामकाकडचा ओळख क्रमांक होता. प्रमाणपत्रावर गाडीचा क्रमांक, एक शिक्का आणि ‘संपूर्ण परतावा’ एवढेच होते. सरकारी ॲपवर विमा वैध दिसत होता, पण ती तारीख थर्ड पार्टीची होती. कायद्याला तेवढे पुरते, गाडीच्या मालकाला पुरत नाही.

भावाने पोलिसांत तक्रार दिली आहे. यूपीआयच्या व्यवहाराची नोंद आणि फोनवरचे संदेश जपून ठेवल्यामुळे ती नोंदवून घेतली गेली. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्वरित कळवावे. तक्रार विमा कंपनीविरुद्ध असेल तर आधी कंपनीकडे, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर जाता येते, आणि विमा लोकपालांचे कार्यालय पुण्यातच आहे. आमच्या बाबतीत कंपनीने ते ॲड-ऑन विकलेच नसल्यामुळे तो मार्ग उपयोगी पडला नाही.

भावाच्याच सोसायटीत आणखी एका गृहस्थांकडे तसेच प्रमाणपत्र निघाले. त्यांची गाडी उंचावर लावलेली असल्यामुळे वाचली होती. त्यांनी त्याच आठवड्यात थेट कंपनीच्या शाखेत जाऊन गाडीची तपासणी करवून घेतली आणि स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी काढली. मधल्या खंडामुळे रिटर्न टू इन्व्हॉइस मात्र कंपनीने त्यांना नाकारले.