‘प्रिझम हलला’ म्हणाला आणि आम्ही पैसे पाठवले

पोरांच्या सरावाच्या एअर रायफलींवर निशाण धरायला बसवलेले तीन स्कोप आम्ही कुरिअरने एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवले आणि फसलो. आधी आकडे सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटून जाईल. तीन स्कोपांची ‘तपासणी’, प्रत्येकी ४५० प्रमाणे १,३५०. तिन्हींत ‘नायट्रोजन भरणे’ (आत धुकं धरू नये म्हणून भरायचा कोरडा वायू), प्रत्येकी १,८०० प्रमाणे ५,४००. त्यातले दोन ‘दुरुस्तीच्या पलीकडे’ गेले म्हणून एक्स्चेंजमध्ये नवे, वरचा फरक प्रत्येकी ६,२००, म्हणजे १२,४००. कुरिअर ३८०. बेरीज १९,५३० रुपये. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे अडीच क्विंटल कापसाचे पैसे होतात. आणि तेही पोरांच्या आईबापांनी शंभर-दोनशे करून सरावाच्या शेडसाठी जमवलेले.

असले लोक कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे. आधी स्वस्तात तपासणी, मग मोठा बिघाड, मग ‘तुमचं भलं सांगतो, बदलूनच टाका’. आम्हालाही माहीत होतं. तरी गेलो.

तक्रार एवढीच होती की २५ मीटरवर छर्रे एका जागी पडेनात. सकाळी झिरो केलेली, म्हणजे निशाण नेमकं जुळवलेली रायफल दुपारी चार-पाच सेंटीमीटर डावीकडे. (१० मीटरच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, तिथे पीपसाइट, म्हणजे बारीक भोकातून बघायचं निशाण असतं. हे स्कोप नवशिक्या पोरांच्या सरावाचे.) झिरो सरकला की माणूस पहिला दोष स्कोपाला देतो, आणि हा धंदा त्याच सवयीवर चालतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत (जिच्यात स्प्रिंग पिस्टनला ढकलते) बऱ्याचदा दोष दुसरीकडेच असतो. लाकडी कुंद्याचे पुढचे दोन स्क्रू आणि ट्रिगर गार्डचा स्क्रू दोन-तीनशे छर्ऱ्यांत सैल होतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, पावसाळ्यात फुगतं, तेव्हा तर हमखास. मग माउंट, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या रिंगा. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो, आधी मागे आणि पिस्टन आदळला की पुढे. त्याने अख्खा स्कोप रिंगांतून मागे सरकत जातो. रिंगेच्या कडेला स्कोपाच्या नळीवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवा. रेघ आणि रिंग यांच्यात फट दिसली की उत्तर मिळालं. रिसीव्हरला (रायफलीच्या धातूच्या धडाला) भोक असेल तर स्टॉप पिन, म्हणजे त्या भोकात अडकणारी खीळ असलेलाच माउंट घ्या. त्यानंतर छर्ऱ्यांचा डबा बदलला होता का ते आठवा. हे सगळं झाल्यावर स्कोपाकडे वळायचं.

आमच्या तिन्ही रायफलींचे कुंद्याचे स्क्रू सैल होते. हे कळलं स्कोप कुरिअरने गेल्यावर. तोवर कोणी एलन की लावून पाहिली नव्हती. कापूस वेचणी चालू होती, शेडमध्ये उभं राहायला माणूस नव्हता, हे कारण खरं आहे. पण कारणाने पैसे परत येत नाहीत.

आता तो क्षण. त्या माणसाने व्हिडिओ पाठवला. स्कोप कोमट पाण्याच्या बादलीत, नॉबच्या टोपणाखालून बुडबुडे. ‘भाऊ, गॅस निघून राहिला. आतला प्रिझमही हलला आहे.’

रायफलीच्या नेहमीच्या नळीच्या स्कोपात प्रिझम नसतो! प्रिझम दुर्बिणीत असतो. स्कोपात प्रतिमा सरळ करायला एक आतली नळी असते, तिच्यात भिंगं बसवलेली असतात, आणि नॉब फिरवला की ती नळी सरकते. प्रिझमचे छोटे स्कोप निराळे मिळतात, ते आमच्याकडे नव्हतेच. पोरांना हेच चित्र फळ्यावर काढून शिकवतो, आणि तो शब्द फोनवर कानात गेला तेव्हा कोणाच्या डोक्यात घंटा वाजली नाही. तिघे जण फोनभोवती बसलो होतो. तिघांपैकी एकालाही वाजली नाही. अजूनही रात्री तेच आठवतं.

बुडबुड्यांचंही तेच. नॉबवरच्या टोपणाखाली हवा अडकलेलीच असते. कोमट पाण्यात ती फुगून बाहेर येते, तो गळतीचा पुरावा नव्हे. टोपण काढून बुडवल्यावर नॉबच्या बुडातून किंवा भिंगाच्या कडेतून बुडबुड्यांची सलग माळ सुटली तर सील गेलं. आणि बनवणाऱ्याने वॉटरप्रूफ म्हटलेला नसेल तर स्कोप पाण्यात घालूच नका. त्याने तर आमचा साधा स्कोप बुडवला होता.

घरी तपासायचं असेल तर स्कोप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये वीस मिनिटं ठेवा, खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही. बाहेर काढल्यावर भिंगावर वाफ येणारच. ती कापडाने पुसली जाते. पुसूनही आत धुकं राहिलं तर कोरडा वायू गेला आणि ओल शिरली. ‘नायट्रोजन भरलेला’ म्हणून आमच्याकडे परत आलेला एकमेव स्कोप या परीक्षेत पाच मिनिटं आतून पांढरा होता. १,८०० रुपयांत त्याने बाहेरून स्पिरिट मारलं होतं, बस. खरं काम करायचं तर सील बदलावं लागतं. गळकं सील तसंच ठेवून वायू भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा मारणं.

दुसरी थाप ‘फुली तुटली, डोकं हलवलं की हलते’. फुली म्हणजे स्कोपात दिसणाऱ्या आडव्या-उभ्या तारा. डोकं हलवल्यावर फुली निशाणावर सरकते तो बहुतेक वेळा पॅरॅलॅक्स असतो. शंभर यार्डांवर बांधलेला ४० मिलिमीटर तोंडाचा स्कोप २५ मीटरला वापरला, तर डोळा कडेला गेल्यावर एक सेंटीमीटरहून जास्त चूक होऊ शकते. यात मोडलेलं काही नसतं. समोरच्या भिंगाची कडा फिरवून अंतर जुळवता येणारा स्कोप असेल तर जुळवा, नसेल तर गाल रोज एकाच जागी टेकवायला शिका. फुली खरंच तुटली असेल तर ती तिरकी दिसते, एक तार लोंबते किंवा प्रत्येक छर्ऱ्यानंतर जागा बदलते.

तिसरी तपासणी त्याने केलीच नाही, आणि खरी तीच. रायफल वायसमध्ये (शिकंज्यात) चिंधी लावून घट्ट धरा, २५ मीटरवर आलेखाचा कागद चिकटवा. पाव मिनिटाच्या (इथे मिनिट म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) क्लिकचा स्कोप असेल तर तिथे एक क्लिक म्हणजे १.८ मिलिमीटर. चाळीस क्लिक उजवीकडे, फुली साधारण सात सेंटीमीटर सरकली पाहिजे. चाळीस खाली, चाळीस डावीकडे, चाळीस वर, आणि फुली निघाली तिथेच परत. पहिल्या जागी येत नसेल, किंवा नॉबवर टिचकी मारल्यावरच उडी घेत असेल, तर आतली स्प्रिंग गेली. त्याआधी नॉब शेवटच्या टोकाला तर नाही ना ते बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा, जोर न लावता, आणि निम्म्यावर आणा. टोकाला स्प्रिंगचा दाब सुटतो आणि चांगला स्कोपही भटकतो. रायफलीची नळी खाली झुकलेली असल्यामुळे नॉब वर-वर चढवावा लागत असेल तर तो दोष माउंटने सुधारायचा.

स्कोप बदलायचा कधी, तर आत धुकं असेल, आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असेल (पावसाळ्यात गोदरेजच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेल्या स्कोपाला हमखास), नळीला रिंगेचा पोचा पडला असेल, हलवल्यावर आत खडखडत असेल, किंवा वर सांगितलेला चाळीस-चाळीस क्लिकचा चौकोन जुळत नसेल तर. आणि पाच हजारांच्या आतल्या स्कोपाची दुरुस्ती कोणी सांगितली तर फोन ठेवा.

एक्स्चेंजमध्ये आलेले दोन ‘जपानी काचेचे’ स्कोप. स्टिकर नखाने निघाला. पहिल्याची फुली १४० छर्ऱ्यांत फिरली, दुसऱ्यात तिसऱ्या दिवशी काहीतरी खुळखुळायला लागलं. भारी काडतुसाच्या रायफलीसाठी चांगला असलेला स्कोपही स्प्रिंगच्या एअर रायफलीवर मोडू शकतो, कारण त्याला पुढच्या दिशेचा झटका सोसायची बांधणी नसते. विकणाऱ्याला ‘स्प्रिंगर चालेल का’ एवढं लेखी विचारा. तो ‘सगळ्यांना चालतो’ म्हणाला तर सोडा. आमचे जुने दोन स्कोप त्याच्याकडेच राहिले, आणि ते बहुधा ठणठणीत होते.

मग पोलीस स्टेशन. पहिला प्रश्न, ‘रायफल कोणाची? लायसन्स दाखवा.’ साडेचार मिलिमीटर बोअरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही हे समजावण्यात पाऊण तास गेला. फसलो आम्ही आणि संशय आमच्यावर! मग, ‘पैसे तुम्हीच पाठवले ना? हा व्यवहाराचा वाद आहे.’ मग, ‘सायबरचं आहे, जिल्ह्याला जा.’ जिल्ह्याला गेलो, एक दिवसाची वेचणीची मजुरी आणि एसटीचं भाडं घालून. तिथे म्हणाले बँकेचा शिक्क्याचा उतारा आणा. बँकेत शिक्का ज्यांच्याकडे ते साहेब सुटीवर. दोन दिवसांनी उतारा नेला तर जिल्ह्याचे म्हणतात तुमच्या हद्दीत द्या. कुरिअरवाला सही दाखवून मोकळा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात कोणत्याही ठाण्यात शून्य एफआयआर देता येतो, हे काउंटरवर आम्ही सांगितलं तर ‘जास्त शिकलेले दिसता’.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन अकराव्या दिवशी केला. तोवर खात्यात काय उरणार? फोन पहिल्या तासात करायचा, ठाण्याच्या बाकावर बसल्या बसल्या. व्हिडिओ, चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक यांचे फोटो लगेच काढा. त्याने सातव्या दिवशी सगळे मेसेज पुसले. स्कोप पाठवण्याआधी नळीवरच्या क्रमांकाचा आणि दोन्ही भिंगांचा फोटो घ्या. आम्ही एकाचाच घेतला होता, तोच परत आला.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते. मुदत दोन वर्षांची. पुढची तारीख पडली आहे, नोटीस मात्र त्याच्या पत्त्यावरून ‘इसम आढळला नाही’ म्हणून परत आली. पत्ता नीट पाहिला तर दुकानाचा नव्हता, एका मंगल कार्यालयाचा होता.