तरण्या घोडीची पहिली माग-रपेट : दहिवडीकडच्या पागेचा अनुभव

माझी मैना साडेचार वर्षांची. भीमथडी वळणाची कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी, दोन वर्षांपूर्वी अकलूजच्या बाजारातून आणलेली. कोरेगावजवळ आमच्या आल्याच्या शेताच्या बांधानं, ओढ्यातून, कॅनॉलच्या रस्त्यानं ती शहाण्यासारखी चालते. पण गेल्या दसऱ्याला गावातली दोन घोडी शेजारून दौडत गेली आणि हिनं लगाम दातात धरला, तो थेट कारखान्याच्या वजनकाट्यापाशी सोडला. एकटी असली की देवाची गाय, चार घोडी दिसली की कुणाचंच ऐकत नाही.

त्यावर उपाय म्हणून आधी एका ठिकाणी नेली होती, नाव लिहीत नाही. तिथं पहिल्याच दिवशी काटेरी लगाम चढवून तिला आठ घोड्यांच्या दौडीत घातली. संध्याकाळी तिच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून रक्त येत होतं. पुढे महिनाभर लगाम हातात दिसला की मान वर करून मागं सरायची. म्हणून फेब्रुवारीत दहिवडी-फलटण रस्त्यावरच्या या पागेत गेले, ते आधी घोडी न नेता, नुसतं बघायला.

पागा चालवतात ते घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार. जयपूरला नोकरी झाली आणि मधली काही वर्षं निलगिरीत वेलिंग्टनला. तिथं उटीच्या माळरानांवर इंग्रजांच्या काळापासून शिकारी कुत्र्यांच्या मागं घोडे घालायची रीत आहे. इंग्लंडात ही कुत्री खोकडामागं सोडत, उटीला खोकडाऐवजी कोल्हा. इंग्लंडातही 2004 च्या कायद्यानं कुत्र्यांकडून खोकड मारायला बंदी आली आणि आपल्याकडे तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यामुळे रिसालदारकाकांच्या रपेटीत जनावर नसतंच. पहाटे एक पोरगा वासाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं दोरीनं ओढत माळावरून तीन-चार किलोमीटर जातो. मग त्या मागावर कुत्री सुटतात आणि कुत्र्यांमागं घोडी, हीच माग-रपेट.

माझा पहिला प्रश्न तोच होता, वाटेत ससा उठला तर? त्यांनी शिंग फुंकून दाखवलं. वीतभर लांबीचं तांब्याचं शिंग. पळती कुत्री जागेवर थांबून मागं फिरली, तेव्हाच मी पैसे भरले. कुत्रीही विचार करून ठेवलेली आहेत : तीन बीगल आणि वासाला पक्की दोन गावठी. आपल्याकडे सगळ्यांना मुधोळचं वेड, पण ते कुत्रं नजरेवर पळतं. हललेलं काही दिसलं की त्याच्या मागं जाईल, जमिनीवरच्या वासाचं त्याला काय?

तीन दिवस सराव आणि चौथ्या दिवशी रपेट, याचे 9,500 रुपये. चंदी आपली आपण न्यायची, कडबा त्यांचा. दाखल करताना धनुर्वाताच्या लशीची नोंद आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या तपासणीचा दाखला मागतात. माझ्याकडे दुसरा नव्हता, तर घोडी पागेबाहेर लिंबाखाली बांधायला लावली आणि दाखला येईपर्यंत आत घेतली नाही. तेव्हा राग आला होता. पण ग्लँडर्स माणसालाही होतो आणि घोड्यात सापडला तर घोडं जिवंत ठेवता येत नाही. आत दुसऱ्यांची अकरा घोडी होती.

पहिल्या दिवशी खोगीरसुद्धा चढवलं नाही. मैना कुंपणाच्या आत मोकळी, कुत्री बाहेर. ती फुरफुरली, शेपूट उंच करून चार फेऱ्या मारल्या, मग हळूहळू कुंपणाशी येऊन एका बीगलच्या पाठीला नाक लावलं. दुसऱ्या दिवशी मी पाठीवर आणि कुत्री पायांत. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. तिथं काही वळवळलं की लाथ बसते आणि मागच्या पायाची लाथ कुत्र्याचा जीव घेते. म्हणून काकांचा एकच धोशा : कुत्री जवळ आली की घोडीचं तोंड त्यांच्याकडे करायचं, पुठ्ठा कधीच नाही. दुपारपर्यंत माझे हात आपोआप तसे वळायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अठरा वर्षांच्या पांढऱ्या घोड्याशेजारी नुसतं उभं राहायला शिकवलं. बाकीची घोडी दुडक्या चालीनं पुढून जायची, मैना खुरानं माती उकरायची आणि म्हातारा एक कान हलवून उभा. तासाभरानं हिनंही एक मागचा पाय सैल सोडला. घोडं असं उभं राहिलं की ते आतून निवांत झालंय.

रपेट होती जोंधळा निघाल्यावर, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. इंग्लंडात ही धाव मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च चालते आणि नव्या घोड्याला त्याआधी पीक निघाल्यावर शरदातल्या छोट्या धावांत आणतात. आपल्या माण तालुक्यात जोंधळा उभा असताना कुणाच्या रानात खूर घालता येत नाही, म्हणून रब्बीनंतरची पहाट. ऊन चढलं की मागाचा वास उडतो आणि घोडीही तापतात. साडेसहाला सुरुवात. मैनेच्या शेपटीला हिरवी फीत बांधली, म्हणजे हे नवं घोडं, अंतर ठेवा. लाथ मारणाऱ्या एका घोडीला तांबडी होती. ही खूण तिकडच्या शिकारीतलीच.

नऊ घोडी होती. आम्ही सर्वांत मागं, म्हाताऱ्याच्या जोडीला. शिंग वाजलं, कुत्री भुंकली आणि मैनेच्या सगळ्या अंगातून वीज गेली, ती मला मांड्यांत कळली. कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आला. काका म्हणाले, "पोरी, लगाम ओढू नको. माझ्या घोड्याभोवती गोल फिरव." दोन फेरे, तीन फेरे. पुढची घोडी टेकाडापलीकडे गेली तेव्हा आम्ही दुडकीनं निघालो. मुरमाच्या उतारावर थोडी दौड, एक ओघळ ओलांडली, मग परत चाल. पुढं कुत्री घुटमळून माग शोधत होती, तिथं सगळी घोडी थांबली आणि मैना त्यांच्यात उभी राहिली. उभी राहिली! मान खाली, तोंडात फेस, पण जागेवर.

तिथूनच काकांनी आम्हाला परत फिरवलं. जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. ती आणखी पळाली असती, मलाही पळायचं होतं, पैसेही पूर्ण दिवसाचे भरले होते. मी तसं बोलले. ते म्हणाले, "आत्ता ती शांत आहे. याच आठवणीवर तिला घरी न्यायची." बाकीचे पुढं गेले आणि आम्ही दोघं बांधानं चालत परतलो. पागेत उतरल्यावर जबड्याखाली बोटं ठेवून त्यांनी नाडी मोजली, दहा मिनिटांनी पुन्हा मोजली. साठाच्या खाली आली तेव्हा कुठं तोबरा लावायची परवानगी मिळाली. माझे 9,500 रुपये त्या परत फिरण्यातच वसूल झाले. साडेचार वर्षांच्या घोडीच्या पाठीची हाडं अजून पुरती जुळलेली नसतात आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

उणं सांगायचं तर घोडी गाडीतून उतरवायला धक्का, म्हणजे उंच ओटा, नाही. पिकअप बांधाला लावून उतरवावी लागते, पुढच्या पायाला खरचटलं. डोक्याला घालायची हेल्मेटं तीनच, तीही मोठ्या मापाची, तेव्हा आपलं न्या. बायकांसाठी कपडे बदलायला जागा नाही, काकूंच्या घरात जावं लागतं. त्या प्रेमानं चहा-भाकरी देतात, पण रोज पाचला त्यांना उठवायचं जिवावर येतं. रपेटीची वेळ आदल्या रात्री नऊला कळते. लांबून येणाऱ्याला मुक्कामच करावा लागेल.

दुसऱ्या दिवशी घरी मैनेला हातात धरून अर्धा तास चालवली, पायांवरून हात फिरवला, कुठं सूज नाही. संध्याकाळी शेजाऱ्यांची दोन घोडी कॅनॉलवरून दौडत गेली. तिनं कान टवकारले, एकदा खिंकाळली आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. पुढची रपेट पावसाळा सरल्यावर, खरीप निघाल्यावर आहे. मी नाव नोंदवलंय, धक्का बांधायला एक ट्रॉली मुरूमही पाठवणार आहे.