ड्राय आइस लावून फ्रोजन मोदक विमानाने: रबाळे ते दुबई-लंडन, सात-आठ महिन्यांनंतर

आधी काय वापरतोय ते सांगते. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मी आणि नणंद मिळून चालवतो, उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या ब्लास्ट फ्रीझ करून, म्हणजे थंड हवेच्या झोतात झटपट गोठवून, पॅक करतो. दुबईत एक दुकानदार दादा आहेत आणि लंडनला एक ताई, दोघांना माल विमानाने जातो, कुरिअर नाही, फॉरवर्डरमार्फत, म्हणजे विमानात माल बुक करून देणाऱ्या एजंटामार्फत, रीतसर एअर कार्गो. पॅकिंग म्हणजे चार सेंटीमीटर जाड थर्माकोलचा बॉक्स, बाहेरून पुठ्ठा, आत ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणि एक यूएसबीवाला टेम्परेचर लॉगर, वाटेतलं तापमान टिपून ठेवणारा. पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं यावर काढलंय तर आता बोलायला हरकत नाही.

जेल पॅक का नाही हे सगळे विचारतात. जेल पॅक वाईट नाहीत हो, पण ते फ्रेश मालासाठी. साधा जेल पॅक म्हणजे शेवटी पाणीच, तो शून्याला वितळतो म्हणजे माल शून्यापाशी धरून ठेवणार, आणि आपल्याला हवेत उणे १८. मिठाच्या पाण्याचे उणे २१ ला वितळणारे पॅक पण असतात पण ते गोठवायला त्याहून थंड फ्रीझर पाहिजे आणि वजन मरणाचं. ड्राय आइस उणे ७८.५ ला सरळ वायू होतो, मागे पाणी नाही ओल नाही, आणि किलोमागे साध्या बर्फाच्या दीडपटीहून जास्त उष्णता ओढतो. आम्ही पेलेट म्हणजे बारीक तुकडे न घेता जाड स्लॅब घेतो कारण पेलेट पटकन थंड करतात पण उडूनही पटकन जातात. स्लॅब मालाच्या वर, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. बॉक्स चिकटपट्टीने हवाबंद करायचा नाही, गॅसला बाहेर पडायला जागा पाहिजे नाहीतर बॉक्स फुगतो नि फुटतो. पॅकिंग करताना शटर उघडं ठेवायचं, हे आमच्या पोरींना मी रोज ओरडून सांगते, बंद खोलीत तो गॅस साचला की डोकं गरगरायला लागतं.

कागदपत्रांची भीती वाटते पण तेवढं काही नाहीये. ड्राय आइस विमानात डेंजरस गुड्समध्ये येतो, क्लास ९, नंबर यूएन १८४५. प्रत्येक बॉक्सवर लेबल आणि आत ड्राय आइस निव्वळ किती किलो ते, आणि तेच एअरवे बिलावर, म्हणजे विमान मालाच्या पावतीवर. खाण्याचा माल थंड ठेवायलाच वापरताय तर वेगळं शिपर्स डिक्लरेशन, म्हणजे धोकादायक मालाचं घोषणापत्र, लागत नाही. पण बॉक्सवरचं वजन आणि बिलावरचं वजन जुळलंच पाहिजे, काउंटरवर तिथेच अडवतात. आणि एका विमानात किती ड्राय आइस घ्यायचा याला एअरलाइनची मर्यादा असते, विमानाच्या सामानकक्षात कुत्रं-मांजर असेल तर आणखी कमी, त्यामुळे सणाच्या आठवड्यात बुकिंग आधी करा.

आता पैसे, कारण खरी गंमत इथे आहे. आमचा बॉक्स बाहेरून ६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटर. एअर कार्गोत लांबी रुंदी उंची गुणून ६००० ने भागतात, म्हणजे १६ किलो धरणार. प्रत्यक्षात आत मोदक ७ किलो, ड्राय आइस ४, थर्माकोल-पुठ्ठा मिळून १, एकूण १२. दोन्हींत जे जास्त त्याचं भाडं, म्हणजे १६ चं. कुरिअरने पाठवलं तर बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात, तोच बॉक्स १९.२ किलो होतो. म्हणजे ७ किलो मोदकांसाठी दुपटीहून जास्त वजनाचे पैसे, त्यातला ड्राय आइस तर वाटेत हवेत विरून जातो, त्याचंही भाडं आपणच भरायचं. पॅकेट उभी न लावता आडवी रचली, मधल्या पोकळ्या भरल्या तेव्हा थोडा फरक पडला, पण मोदकाचा आकारच असा की हवा भरपूर जाते. पुरणपोळी याबाबतीत गुणी बाळ, चवड लावली की बॉक्स गच्च.

थर्माकोलला माझ्याकडून पूर्ण मार्क. फुकट बदनाम होतो बिचारा. बॉक्सच्या आतून लावायचे महागडे लायनर पण वापरून बघितले, आमच्या एवढ्या अंतराला पैसे वसूल होत नाहीत. सगळ्यात कामाचा निघाला तो लॉगर. प्रवास संपला की लॅपटॉपला लावायचा, पीडीएफ आपोआप बनते, ग्राफ समोर. एक लक्षात ठेवा, स्वस्तातले लॉगर बहुतेक उणे ३० पर्यंतच मोजतात, ड्राय आइसला चिकटवून ठेवलात तर वाचन काही कामाचं नाही. आम्ही तो तळाकडच्या पॅकेटांच्या मध्ये खुपसतो.

ते ग्राफ बघून एक गोष्ट कळली जी कोणी सांगत नाही. विमानात मालाला काही होत नाही. दुबईची फ्लाइट तीन-साडेतीन तासांची, त्या वेळात रेघ सरळ. रेघ चढते ती जमिनीवर. रबाळ्याहून ऐरोली पूल, मग जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ट्रॅफिक, मग सहारला मुंबई विमानतळाच्या कार्गोपाशी ट्रक लाइनीत, मग वजन, एक्सरे, कस्टम्स, आणि शेवटी विमानाशेजारी ट्रॉलीवर उन्हात. एकदा दुबईच्या लॉटला एअरलाइनने ऐनवेळी ऑफलोड केलं, म्हणजे विमानातून वगळलं, दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइटला टाकलं, आणि त्या ग्राफवर उणे २४ वरून रेघ चढत चढत उणे ६ ला गेलेली, मग दादांच्या फ्रीझरमध्ये पुन्हा खाली. त्यांनी फोटो पाठवले. मोदकाच्या कळ्या शेंड्याला तडकलेल्या, पाकिटात आतून बर्फाचा चुरा, वाफवल्यावर गूळ पाझरून पारीला तपकिरी डाग. नुसतं बघून हे पॅकिंगवर ढकललं असतं, ग्राफ होता म्हणून कुठल्या तासाला काय झालं ते फॉरवर्डरला दाखवता आलं आणि त्याने पुढच्या वेळचं भाडं कमी केलं. तेव्हापासून ड्राय आइस प्रवासाच्या हिशोबाने नाही, प्रवास अधिक एक दिवस उशीर या हिशोबाने भरतो. आणि दुबईला शुक्रवारी माल पोचेल असं बुकिंग करत नाही, २०२२ पासून तिकडे शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवार अर्धाच.

लंडनला फक्त मोदक जातात, तेही सारणात तूप न घालता. दुधाचं काहीही असलं की तिकडचे नियम लगेच कडक होतात, खवा-पनीरवाल्यांनी आधी तिथल्या आयातदाराला नीट विचारावं.

माझं मत विचाराल तर फ्रोजन माल विमानाने पाठवणं हे रोजचं काम नाही. सँपल आणि गणपती, बस. उणे १८ ला महिनोन्महिने टिकणाऱ्या मालाला तीन तासांत पोचायची घाई कसली? आपल्या बाजूलाच न्हावा शेवा आहे, रीफर म्हणजे फ्रीझरवाल्या कंटेनरने दुबईच्या जेबेल अली बंदराला समुद्रमार्गे माल जातो, किलोमागे भाड्याची तुलनाच नको. अडचण एवढीच की कंटेनर भरेल एवढा माल आमच्यासारख्यांकडे एकट्याकडे नसतो. विमान खरं शोभतं ते फ्रेशला. वाशीच्या एपीएमसी बाजारात आमच्या ओळखीचे एक गाळेवाले आहेत, ते हापूस पाठवतात, त्यांच्याकडे बघून कळतं. आंब्याला ना ड्राय आइस ना बर्फ, १२-१३ डिग्रीच्या खाली गेला तर साल काळवंडते आणि नीट पिकतच नाही, भोकांचा पुठ्ठ्याचा बॉक्स पुरतो. त्यांची डोकेदुखी वेगळी, युरोपला ४८ डिग्रीच्या गरम पाण्यात तासभर, अमेरिकेला वाशीत पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण म्हणजे किरणांचा मारा, मग कुठे विमान. पण त्या मालाला दिवस मोजून असतात, तिथे जास्तीचं भाडं पटतं.

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, तिकडून कार्गोची सोय आमच्या रूटला लागली तर जेव्हीएलआर सुटेल, निदान ग्राफची पहिली चढण तरी कमी होईल. तोपर्यंत जे कोणी पाठवणार असतील त्यांनी समोरच्याला एक सांगून ठेवा, बॉक्स उघडला की आधी लॉगरचं बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवा आणि उरलेल्या ड्राय आइसचा फोटो काढा, मगच माल बाहेर. आमचे दादा पहिले मोदक वाफवायला ठेवतात नि लॉगर टेबलावर गरम होत पडलेला असतो.