तंबाखूपुढे ‘होय’ लिहून घेतलेली आरोग्य पॉलिसी: दहा महिन्यांनंतर

ऑक्टोबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात आम्हा नवराबायकोची मिळून 10 लाखांची फ्लोटर पॉलिसी काढली. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबरला गेला, त्याचीच वाट बघत होतो. मूळ हप्ता 24,600 रुपये, त्यावर तंबाखूचं 15 टक्के लोडिंग, म्हणजे जोखमीपोटी घेतलेला जादा हप्ता, 3,690. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

एजंट घरचाच, हिचा मावसभाऊ. टॅबवर फॉर्म भरताना तंबाखूच्या प्रश्नाला त्यानं परस्पर ‘नाही’ करून टाकलं. “दाजी, सिगारेट ओढता का? नाही ना? मग झालं.” पण प्रश्नात चघळायची तंबाखूही होती, आणि मी पंधरा वर्षं बार भरतोय, दिवसाला एक पुडी. हिची मिश्री तर कुणाच्या ध्यानातच नव्हती. भाजलेली तंबाखूच ती, पण आमच्याकडे तिला दात घासायचं सामान समजतात. मी दोन्ही लिहायला लावलं. “पाच वर्षं काढा, मग कंपनी काही विचारत नाही,” असं तो पुटपुटला. 60 महिन्यांचा तो नियम आहे खरा, पण त्यातून फसवणूक वगळलेली आहे. आणि आजारपण पाच वर्षं थांबतंय होय?

आमच्याकडे ते दुसऱ्याच महिन्यात आलं. नोव्हेंबरअखेर मला डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट. डॉक्टरांनी विचारलं, व्यसन काय? तापात माणूस खरंच बोलतो. केसपेपरवर ‘तंबाखू, 15 वर्षे’ अशी ओळ पडली. पॉलिसी नवी, म्हणून कंपनीनं केसपेपर मागवला आणि ती ओळ फॉर्मशी ताडून पाहिली. जुळली. डेंग्यूचा तंबाखूशी काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. पण फॉर्मवर ‘नाही’ असतं तर माहिती लपवली म्हणून अख्ख्या पॉलिसीवरच गदा आली असती. 68,400 च्या बिलातले 62,150 मंजूर झाले, हातमोजे वगैरे किरकोळ कापलं. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरीला मात्र साडेपाच तास गेले. नियम तीन तासांचा आहे.

माझी खरी तक्रार लोडिंगची. दिवसाला किती खाता हे फॉर्मवर विचारतात, पण 15 टक्के कशावरून ठरले ते पत्रात कुठेच नाही. जानेवारीत मी पुडीवरच छापलेल्या 1800-11-2356 ला फोन लावला आणि तंबाखू सोडली. आता बार भरावासा वाटला की निकोटीनचं गम चघळतो. लोडिंग काढा म्हणून कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं: सलग 12 महिने बंद असल्याचं लेखी द्या आणि लघवीची कोटिनिन टेस्ट करा. म्हणजे या ऑक्टोबरच्या नूतनीकरणाला लोडिंग आहे तसंच. वर निकोटीनचं शरीरात कोटिनिन होतं, मग ते तंबाखूतलं असो की गममधलं. त्या टेस्टला फरक कळत नाही. सोडायला घेतलेलं औषधच मला टेस्टमध्ये तंबाखूवाला ठरवणार.

याचं काय करायचं, अशी मेल तीन आठवड्यांपूर्वी टाकलीय. हिची मिश्री अजून चालू आहे, तेव्हा लोडिंग दोघांचं एकत्र की वेगवेगळं, हेही त्यातच विचारलंय. ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ एवढं आलंय.