मापं माझी, आकडे दुकानातल्या सायकलचे

ट्रायथलॉनसाठी सायकल घ्यायला निघालेल्यांनी, आणि त्यातही कमी उंचीच्या मंडळींनी, हे वाचाच. "चार मापं व्हॉट्सॲप करा, फिट रिपोर्ट घ्या" असं सांगून आधी फी घ्यायची आणि मग त्याच रिपोर्टच्या जोरावर पडून असलेली जुनी सायकल गळ्यात मारायची, असा धंदा मुंबईत चालतो. माझे एक लाख साठ हजार रुपये त्यात अडकलेत. माणूस पश्चिम उपनगरातला आहे. तक्रार ग्राहक आयोगापुढे असल्याने नाव लिहीत नाही.

मला गोव्याच्या ७०.३ (एकूण अंतर मैलांत) ट्रायथलॉन शर्यतीत उतरायचं होतं. त्यात १.९ किलोमीटर पोहून झाल्यावर ९० किलोमीटर सायकल आणि मग २१.१ किलोमीटर धावणं असतं. एवढा वेळ कोपरं हँडलवरच्या पॅडवर टेकून वाकून बसायचं आणि उतरल्यावर पळायचं, तर सायकल अंगाला बसलेली हवी. त्याने उंची, पायाची आतली लांबी, धड आणि हात अशी मापं मागवली. त्याच संध्याकाळी रंगीत रिपोर्ट आला. त्यात सीटची उंची ६४.५ सेंटिमीटर, फ्रेमचा स्टॅक (पेडलच्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची) ५१४ मिलिमीटर, रीच (त्याच दोन ठिकाणांमधलं आडवं अंतर) ४०८ मिलिमीटर, सगळं अगदी ठाम. पाठोपाठ फोन: "मॅडम, नशीब बघा, नेमकी याच मापाची कार्बन सायकल आत्ताच आली आहे."

त्या रिपोर्टातला सीटचा आकडा बरोबर होता, आणि विश्वास तिथेच बसतो. पायाच्या आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर येतं. १९८० च्या दशकात अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड आणि त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळे हे सूत्र सगळीकडे पसरलं. माझी लांबी ७३, म्हणून ६४.५. हे कुणीही घरी काढू शकतं: अनवाणी, पाठ भिंतीला, पावलांत साधारण वीतभर अंतर, एक जाड पुस्तक जांघेत घट्ट वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. पॅन्टचं माप चालत नाही, ते कमी भरतं. दोन-तीनदा मोजा, कारण इथली एका सेंटिमीटरची चूक सीटला जवळपास नऊ मिलिमीटर हलवते. तरीही ही फक्त सुरुवात. क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, लांबी या सूत्रात येतच नाही. १७२.५ ऐवजी १६५ मिलिमीटरचा क्रँक लावला तर सीट साडेसात मिलिमीटर वर घ्यावी लागते.

पॅड किती उंच आणि किती पुढे हवेत, हे मात्र या मापांतून ठरत नाही. साध्या रोड सायकलची सीट ट्यूब (सीटखालची नळी) साधारण ७३ अंशांवर असते, ट्रायथलॉनमध्ये बसण्याचा कोन ७६ ते ८० अंशांपर्यंत उभा करतात, म्हणजे माणूस पुढे सरकतो आणि धड खाली गेलं तरी मांडी पोटावर आपटत नाही. कोण किती खाली जाऊ शकतं हे कंबर, मांडीमागचे स्नायू, पाठ, मान आणि पोट यांवर ठरतं. एकाच उंचीच्या दोघींच्या पॅडमध्ये बरंच अंतर निघू शकतं. त्यासाठी माणसाला ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) बसवून पेडल मारताना बघावं लागतं. त्याने मला समोर एकदाही बसवलं नाही. फी मात्र "संपूर्ण फिटिंग"ची घेतली.

घेतलेली ती सायकल काढून पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मुलुंडहून निघायचे. विक्रोळी येईपर्यंत हाताची बोटं बधिर व्हायची, मान आखडायची, आणि लांबवर हात पोचवण्याच्या नादात सीटच्या पार टोकावर सरकून बसायचे. नाजूक जागी जे दुखणं सुरू झालं ते बायका एकमेकींनासुद्धा सांगत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहिते: असं दुखणं "सवयीने जातं" हे खरं नाही. त्याने मात्र "सवयीने जाईल" असंच सांगितलं. स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड करावा म्हटलं तर हँडल आणि स्टेम एकसंध, बदलायची सोयच नाही.

उलगडा तरणतलावावर झाला. आमच्या बॅचमधल्या एका दादांनीही त्याच माणसाकडून रिपोर्ट घेतला होता. त्यांची उंची १७४ सेंटिमीटर, माझी १६०. बाकावर बसून दोन्ही फोन शेजारी ठेवले. त्यांच्या सीटची उंची ७२.४, म्हणजे ८२ गुणिले ०.८८३, बरोबर. पण स्टॅक ५१४. रीच ४०८. मिलिमीटरही इकडचा तिकडे नाही! त्यांनी सायकल घेतली नव्हती, म्हणून तीच माझ्याकडे आली.

खात्री करायला आमच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या गवंडीकाकांकडून ओळंबा घेतला. सपाट जमिनीवर मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल सरळ उभी धरायची. बॉटम ब्रॅकेटचा मध्य आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) माथ्याचा मध्य, दोन्ही जमिनीपासून मोजायचे. उंचीतला फरक म्हणजे स्टॅक. मग दोन्ही ठिकाणांहून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करायच्या आणि भिंतीपासूनची अंतरं मोजायची. त्यांतला फरक म्हणजे रीच. काकांनी दोरी धरली, मी टेप. ५१४ आणि ४०८ च्या आसपासच भरलं. म्हणजे माझ्या शरीरावरून आलेला एकच आकडा होता. बाकीचे विकायच्या सायकलवरून उतरवले होते.

नंतर दुसरीकडे, मापं बदलता येणाऱ्या फिट बाइकवर बसून नीट फिटिंग करून घेतलं. मला चालणारी फ्रेम रीचमध्ये जवळजवळ अडीच सेंटिमीटर आखूड निघाली. फिटिंग आधी, सायकल नंतर, हा क्रम कुणी उलटा सांगत असेल तर उठून या. फ्रेमवरच्या "स्मॉल", "मीडियम"वर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं स्मॉल वेगळं असतं.

पैसे परत मागितल्यावर त्याचं उत्तर होतं, "जुना माल परत घेत नाही." माल जुना असला तरी खोटा रिपोर्ट देऊन विकण्याची मुभा त्याला मिळत नाही. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. यूपीआयच्या पावत्या, सगळे चॅट आणि दादांचा रिपोर्ट जोडला आहे. त्याने पक्कं बिल दिलं नव्हतं, पण फोनवर पाठवलेला रिपोर्ट त्याच्याच नावाचा आहे, तो नाकारता येणार नाही.

तुमच्याकडे मुंबईतल्या कुणाचा असा रिपोर्ट असेल तर त्यातला स्टॅक आणि रीच काढून बघा. ५१४ आणि ४०८ दिसले तर मला नक्की कळवा. तिसरा रिपोर्ट मिळाला तर तक्रारीला खूप बळ येईल.