हेलियम-३ इन्सर्ट: ०.३ केल्विन नक्की कोणाचं?

आठ महिने हा इन्सर्ट, म्हणजे हेलियम-३ वापरून नमुना ०.३ केल्विनपर्यंत थंड करणारं उपकरण, वापरतेय, आणि जवळजवळ सगळा वेळ एकाच पदार्थावर: लँथॅनम-स्ट्रॉन्शिअम कॉपर ऑक्साइड, स्ट्रॉन्शिअमचं प्रमाण ०.०३. अतिवाहकता (रोध पूर्ण नाहीसा होणं) दिसायला ते साधारण ०.०५५ लागतं, म्हणजे माझा नमुना उंबरठ्याच्या अलीकडचा. थंड करत गेलं की त्याचा रोध आधी धातूसारखा घटतो, शंभर केल्विनच्या आसपास तळ गाठतो आणि मग चढतच जातो.

थंड करण्याच्या कामात इन्सर्ट अव्वल आहे. आतला वायू शोषणारा कोळसा ४० केल्विनच्या आसपास तापवला की त्यात शोषलेला हेलियम-३ सुटतो आणि द्रव होऊन तळाच्या भांड्यात साचतो. कोळसा पुन्हा थंड केला की तोच पंप होतो. हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे कंपन नाही. रात्रभर तापमान टिकतं.

तक्रार आहे ती नमुना बसवायच्या नीलमण्याच्या पट्टीबद्दल. पहिल्याच फेरीत ०.७ केल्विनखाली रोधाची चढण सपाट झाली आणि मला रात्रभर झोप आली नाही. १९९५ मध्ये आंदो आणि बोबिंगर यांच्या गटाने ६० टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात अतिवाहकता दाबून ०.०८ आणि ०.१३ च्या नमुन्यांत लॉगरिदमने वाढणारा रोध दाखवला होता. तेव्हापासून या पदार्थांत तळाशी रोध नेमका कसा वाढतो हाच खरा प्रश्न आहे, आणि मला वाटलं, उत्तर माझ्या हातात आलं.

सरांनी आलेख बघून एवढंच विचारलं, "करंट किती?"

शंभर नॅनोअँपिअर. नमुना एक मेगओहमचा झाला होता, म्हणजे दहा नॅनोवॅट उष्णता. करंट एक नॅनोअँपिअर केला, उष्णता दहा हजार पट घटली, आणि लॉग-रोध विरुद्ध तापमानाचा उणे एक-चतुर्थांश घात ही रेषा ०.४ केल्विनपर्यंत सरळ आली, म्हणजे रोध तिथवर चढतच होता. सपाटी नमुन्याची नव्हतीच. थर्मामीटर इन्सर्टच्या तांब्यावर बसलेला, त्याने स्वतःचं तापमान बरोबर सांगितलं. पट्टीवरचा नमुना त्याहून गरम होता. नीलमण्याची उष्णतावाहकता या तापमानाला फार घसरते.

आता चांदीची पट्टी आहे. नमुन्याखाली सिगारेटचा पातळ कागद आणि व्हार्निश, तारांवर रेडिओ-लहरींचे फिल्टर. लॉक-इन (एसी करंटवर बारीक सिग्नल मोजणारं यंत्र) सोडला, कारण मेगओहममध्ये तारांची कपॅसिटन्स फेज बिघडवते. डीसी करंट उलटसुलट करून मोजते. कॉन्टॅक्टची चांदीची पेस्ट ऑक्सिजनमध्ये भाजली तर नंतर आर्गॉनमध्ये तापवायला विसरू नका, नाहीतर जास्तीचा ऑक्सिजन होल (स्ट्रॉन्शिअममुळे येतात तेच धन विद्युतभार वाहक) वाढवतो आणि ०.०३ हे ०.०३ राहत नाही.

इन्सर्ट जरूर घ्या. मात्र नमुन्याच्या जागी दुसरा थर्मामीटर बसवून दाखवल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. आणि तळाचा प्रत्येक बिंदू निदान दोन करंटवर मोजा.