खानापूर रोडचे घोडेवाले मामा: पैसे वसूल, पण घोडं टाकून जाणार असाल तर नको

तबेल्याला पाटी नाही. बेळगावातून खानापूर रोडला लागून आत वळलं की कुणालाही "घोडेवाले मामा कुठं?" एवढं विचारायचं, शाळेची पोरंसुद्धा हात करून दाखवतात. मोबाईलवर शोधून ही जागा सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांना घोड्यावर बसायला शिकायचंय त्यांनी इथंच वाचणं थांबवलं तरी चालेल. मामा बसायला शिकवत नाहीत. जमिनीवर उभं राहून घोड्याशी काम कसं करायचं ते शिकवतात: चालवणं, थांबवणं, मागं घेणं, बाजूला सरकवणं आणि भीती घालवणं. खोगीर खुंटीला आहे, पण आमच्या अख्ख्या मुक्कामात ते खाली उतरलेलं मी बघितलं नाही.

आमची तऱ्हा अशी. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घोडीची हौस. चिकोडी तालुक्यात ऊस, दारात म्हशी, त्यात ही घोडी आणली. सारंगखेड्याच्या बाजारातून निघून दोन-तीन दलालांच्या हातून आमच्यापर्यंत आलेली. मारवाडी रक्त, कानांची टोकं एकमेकांना भिडणारी, दिसायला एकदम देखणी. पण आधी वरातीत नाचवलेली. लांब कुठं हलगी वाजली तरी जागच्या जागी पाय उचलायला लागायची. बघणारे म्हणायचे, काय हुशार जनावर! मला तिचे डोळे दिसायचे, पांढरं दिसेपर्यंत ताणलेले, आणि मान घामानं ओली. तिला नाचायला काठीनं शिकवलंय हे कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या हातात नुसता झाडू दिसला तरी आधी नाचायची आणि मग उधळायची. उसाची ट्रॉली, उघडलेली छत्री, वाळत घालायला झटकलेली चादर, सगळ्याला बुजायची. हौस आप्पांची असली तरी दारातल्या जनावरांचं बघते मी, त्यामुळं बुजलेली घोडी आवरायचं कामही माझ्याच वाट्याला.

मामांच्या आधी तिला दुसऱ्या एका माणसाकडं ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. घोडी सोडून जा, सुधारून देतो, म्हणाला. परत आणली तेव्हा त्याच्या हातात ती खरंच गरीब गाईसारखी चालली. घरी आणून दावं मी हातात घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. पैसे घेऊन त्यानं काही केलं नव्हतं असं म्हणणार नाही. त्यानं स्वतःपुरतं केलं होतं.

मामांनी तर पहिल्या दिवशी घोडी घेतलीच नाही. आधी विचारलं, धनुर्वाताची लस कधी दिली? घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, एखादा खिळा पुरतो. मग ग्लँडर्सचा, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाचा, रिपोर्ट मागितला. सरकारी डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या तपासणीला जाऊन रिपोर्ट येईपर्यंत मामांनी तिला आत पाय टाकू दिला नाही. तेव्हा मला राग आला. आता वाटतं, दुसऱ्यांची घोडी तिथं बांधलेली असताना हा नियम बरोबरच आहे. त्यानंतर तोंडात हात घालून दाढा बघितल्या. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला आतून जखम झाली होती. खूर वाढलेले. "आधी दाढा घासून घ्या, नालबंदाला दाखवा, मग या," एवढंच बोलले. मानेला झटके देण्याची जी खोड आम्ही तिचा नाठाळपणा समजत होतो, तिच्यातली निम्मी तर दाढा घासल्यावरच गेली.

आता प्रत्यक्ष काम. गोल रिंगण आहे, बांबू आणि निलगिरीच्या खांबांचं, खाली वाळू. मामांच्या हातात दोरीची म्होरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवती घालतात ती, आणि तिला लावलेला बारा फुटी दोर. पहिला धडा मान खाली घेण्याचा. म्होरकीखाली दोर धरून त्यांनी बोटांनी इतका हलका खाली ताण दिला की दोर ताणलाय हे मला बाजूला उभं राहून कळलं नाही. ओढलं नाही, वाढवलं नाही, नुसतं धरून ठेवलं. घोडीनं मान वर ताणली, ताण तेवढाच. डावीकडं झटकली, हात तिच्याबरोबर गेला, ताण तेवढाच. मग एका क्षणी तिचं नाक बोटभर खाली आलं, आणि मामांची बोटं उघडली. कौतुक नाही, गूळ नाही. थोडं थांबून पुन्हा. तासाभरात तिचं नाक गुडघ्याच्या रेषेत, खालचा ओठ सैल, तोंड चघळल्यासारखं हलतंय. आमच्याकडं आल्यापासून दावणीला तिला अशी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

नंतर दोर माझ्या हातात. इथं मामांच्या शिकवण्याची खरी किंमत कळते. घोडं दाबामुळं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणामुळं शिकतं. तिनं बरोबर केलं आणि तुम्ही पुढच्या दोन-तीन सेकंदांत सोडलं नाही, तर तोवर ती दुसरंच काहीतरी करत असते आणि बक्षीस त्या दुसऱ्याला मिळतं. "अक्का, उशीर केलासा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आमच्या पोरानं घरात त्याची नक्कल सुरू केली. म्हशी सांभाळलेल्या हाताला धरून ठेवायची सवय असते. म्हैस ओढली तर येते. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोडीला ओढायला गेलं की ती उलटं ओढते आणि ताकदीत आपण हरलो हे तिला कायमचं कळतं.

पुढं मागचे पाय बाजूला घ्यायला शिकवलं. तिच्या पोटाच्या रेषेत उभं राहायचं, तोंड थोडं आपल्याकडं वळवायचं आणि नजर तिच्या पुठ्ठ्यावर लावायची. हलली नाही तर दोराचं टोक हवेत फिरवायचं. आपल्या बाजूचा मागचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून ओलांडला की सगळं थांबवायचं. हे नुसतं कवायतीचं नाही. घोड्याची पळायची आणि लाथ मारायची ताकद मागच्या पायांत, ते एकमेकांवरून ओलांडायला लागले की तिला सरळ उधळता येत नाही. ट्रॉलीला घोडी बुजली तेव्हा मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच.

सगळं दोन्ही बाजूंनी करून घेतात. आपल्याकडं जो तो डावीकडूनच घोडं धरतो, त्यामुळं उजवी बाजू कोरी राहते. डावीकडून पोत्याला सरावलेली आमची घोडी उजवीकडून तेच पोतं दिसल्यावर नव्यानं बुजली. त्यात कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या बरोबर मागं घोड्याला दिसत नाही. पाहुणे येतात आणि थेट कपाळावरच हात ठेवायला जातात. मामा पाहुण्यांना ओरडतात, घोडीला नाही.

पोत्याचा प्रकार मला सगळ्यात आवडला. युरियाचं रिकामं पोतं बांबूला बांधलेलं. मला वाटलं आता हे तिच्या अंगावर फिरवून सवय लावणार, कारण आधीच्या माणसानं तेच केलं होतं, खांबाला बांधून. अशानं घोडं गप्प होतं, पण त्याची भीती गेलेली नसते, त्यानं हार मानलेली असते. मामांनी पोतं हातात घेतलं आणि घोडीला पाठ करून चालायला लागले. दोर माझ्याकडं. पोतं लांब जातंय म्हटल्यावर घोडीचे कान पुढं आले. आम्ही दोघी पोत्याच्या मागं मागं. पळून जाणाऱ्या वस्तूची भीती कशाला वाटेल! रिंगणाच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर तिनं मान लांब करून पोत्याला नाक लावलं आणि जोरात फुरफुरली.

मामांची मातृभाषा कन्नड. आमच्याशी मराठी बोलतात, घोड्यांशी कन्नड. त्यामुळं आमची घोडी आता "निल्लु" म्हटलं की थांबते आणि "हिंदे" म्हटलं की मागं सरते. घरी आप्पा हट्टानं "थांब गं" म्हणत राहतात, ती चालतच राहते. सीमाभागात एवढं चालायचंच.

हलगीचं मात्र पूर्ण गेलं नाही, हे सरळ सांगते. त्यावर मामांनी बरेच दिवस दिले. घोडीपुढं हिरवं गवत टाकायचं आणि शेताच्या पार दुसऱ्या बांधावर एका पोराला हलकी हलगी वाजवायला बसवायचं. ती चघळत राहिली तर दुसऱ्या दिवशी पोरगा थोडा अलीकडं. चघळणं थांबलं की पोरगा परत मागं. आता ती पाय उचलत नाही, घाम फुटत नाही. पण हलगी जवळ आली की कान मागं जातात.

यावरूनच आप्पांचं आणि मामांचं वाजलं. आप्पांना बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत घोडी न्यायची होती. रात्रभर चालणारी मिरवणूक, डीजे, लाइट, गर्दी. मामा म्हणाले, नेऊ नका. आप्पा म्हणाले, आपल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व आषाढीला माउलींच्या पालखीपुढं जातो, रिंगणात पाठीवर स्वार नसताना लाखो लोकांमधून पळतो, आणि आमच्या घोडीला एक मिरवणूक झेपेना? मामांनी शांतपणे सांगितलं, "तो अश्व अंकलीहून आळंदीला चालत जातोय. वाटेत गावोगावी लोक त्याच्या पाया पडत्यात. तुमच्या घोडीला गर्दीत मार बसलाय." आप्पांनी त्यानंतर आठवडाभर मामांचं नाव काढलं नाही. मिरवणुकीला घोडी गेली नाही. हरकत न घेता पैसे मिळत असताना गिऱ्हाइकाला "नको" म्हणणारा माणूस आहे, हे मी त्यांच्या जमेच्या बाजूला धरते.

सामानाबद्दल. दोरीची म्होरकी आणि दोर मामा स्वतः विणून देतात, दोन्ही मिळून 1,400 रुपये. काम चांगलं आहे, नाकावरच्या गाठी सारख्या अंतरावर, दोर जड आणि लवचीक, त्यामुळं हात हलला की हालचाल लगेच तिच्यापर्यंत पोचते. पण रविवार पेठेतून बोटाएवढ्या जाडीचा विणीचा पॉलिस्टर दोर आणला तर निम्म्या पैशात काम होतं. नायलॉनचा पातळ दोर घेऊ नका, घोडं पळालं तर तळहात सोलून निघतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, नागमोडी घड्या करून धरायचा. आणि दोरीची म्होरकी घालून घोडं बांधून निघून जायचं नाही. ती तुटत नाही, घोडं मागं ओढत बसलं तर मान दुखावते. बांधायला पट्ट्याचीच म्होरकी. मामा हे सांगतात, पण तोंडी, एकदाच, दोर विकताना. तिथं येणारी निम्मी पोरं विसरून जातात. भिंतीवर लिहून ठेवलं तर काय बिघडेल?

बाकी तक्रारीही आहेत. रिंगणावर सावली नाही, चैत्रात सकाळी नऊनंतर वाळू तापते. हेल्मेट कुणी घालत नाही. जमिनीवरच्या कामाला हेल्मेट कशाला, असं मामांचं म्हणणं. मला पटत नाही, डोक्याला लाथ जमिनीवरच बसते. प्रथमोपचाराची पेटी मागितली तर हळदीचा डबा पुढं आला. बायकांसाठी बाथरूम आहे, पण पाणी बाहेरून भरून न्यावं लागतं.

पैसे महिन्याला 9,000, चारा आपला. कडबा आणि हरभऱ्याचा भुसा आम्ही घरूनच नेला. पैसे आधी द्यावे लागतात, पावती मिळत नाही. अट एकच, आणि ती कुणासाठी मोडत नाहीत: जो माणूस घरी घोडं सांभाळणार तो आठवड्यातले निदान चार दिवस सकाळी रिंगणात पाहिजे. मालक नोकराला पाठवतो म्हणाला तरी चालेल, पण मग घोडं नोकराचं होतं हे आधी सांगून ठेवतात. चिकोडीहून सकाळी सातला पोचायचं म्हणजे अंधारात निघावं लागायचं, धारा जाऊबाईंवर टाकून. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी 9,000 वाचवावेत आणि पट्ट्याची चांगली म्होरकी, नालबंद आणि दाढांचा डॉक्टर यांवर घालवावेत. त्यानंही बराच फरक पडेल.

आम्हाला जमलं. आता आमचा पोरगा शाळेतून आल्यावर तिला दोर धरून उसाच्या बांधानं फिरवून आणतो. ट्रॉली आली तर थांबतो, तिचं तोंड ट्रॉलीकडं वळवतो, ट्रॉली गेली की पुढं. आप्पा लांबून बघतात आणि अजून म्हणतात की 9,000 जास्त झाले.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. खानापूर बाजूचा पाऊस माहीत असेलच, आषाढ-श्रावणात रिंगणात चिखलच असतो आणि मामा नवीन घोडं घेत नाहीत. लसीची चिठ्ठी आणि ग्लँडर्सचा रिपोर्ट घेऊनच निघा. फोन सकाळी दहा ते एक या वेळेत करा, दुपारी मामा झोपतात आणि उचलत नाहीत.